चिरोंजीच्या गळ्यातली नळी

माझी जवळजवळ सगळी नोकरी गाई-म्हशींत गेली. अभनपूरच्या बाजूला सरकारी पशुचिकित्सालयात होते, तेव्हा कुणी मांजर घेऊन आलं तर रांगेतले म्हशीवाले तोंडाला गमछा लावून हसायचे. मांजरीला औषध द्यायचं असतं हेच तिकडे कुणाच्या गावी नव्हतं. ती घरात येते-जाते, उंदीर मारते, एक दिवस येत नाही. संपलं.

निवृत्त झाल्यावर रायपुरात, शंकर नगरातल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मी टेबल टाकलं आणि बाहेर पाटी लावली. वाटलं होतं, कुत्री येतील. आली ती मांजरंच जास्त. मग या वयात पुन्हा पुस्तकं काढली. जबलपूरला आणि नागपूरला जाऊन तरुण डॉक्टरांच्या शेजारी उभी राहून शिकले. गाईच्या पोटात कोपरापर्यंत हात घालणारी मी, आता दोऱ्याएवढ्या शिरेत सुई लावायला शिकत होते. श्वास धरून ठेवावा लागायचा.

मांजरीच्या डॉक्टरकीतली मोठी अडचण अशी, की पेशंट बोलत नाही आणि दाखवतही नाही. म्हशीचं पोट फुगलं की ती पाय झाडते, आडवी होते, मालक धावत सुटतो. मांजर पलंगाखाली जाऊन बसते. घरच्यांना वाटतं, निवांत झोपली आहे. त्यात लोकांची आपापली औषधं. रायपूरबाहेर सिलतऱ्याच्या एका कारखान्यातल्या सुपरवायझरने मांजरीला आपल्याच तापाची गोळी अर्धी करून दिली होती. माणसाची ती साधी गोळी मांजरीला विष असते, हे मी त्याला सांगेपर्यंत फार उशीर झाला होता. दुसऱ्या एकाने म्हशीचं लिव्हर टॉनिक चमच्याने पाजलं होतं. का, तर बाटलीवर लिव्हर लिहिलं होतं.

लिव्हरचा विषय निघाला की मला देशकर काकू आठवतात.

भाद्रपद तोंडावर आला होता. उकाडा असा, की पंखा नुसता गरम हवा ढवळत होता. काकू दारात उभ्या राहिल्या त्या भाजीची टोपली छातीशी धरून. वर पंचा बांधलेला. साठी ओलांडलेल्या, उंच, काटक, कपाळावर ठसठशीत कुंकू. आमच्याच भागात राहायच्या. मी त्यांना तोंडओळखीने ओळखत होते. मूळचे अमरावतीकडचे, काका सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले.

"डॉक्टरीणबाई, आमच्या चिरोंजीला कावीळ झाली," टोपली टेबलावर ठेवत त्या म्हणाल्या. "कावीळ उतरवणाऱ्याकडे नेलं होतं पहिले. त्यानं जडीची माळ घातली. माळ लांब होत गेली की कावीळ उतरते म्हणतात. माळ झाली लांब, ही मात्र अजून पिवळी होऊन राहिली."

पंचा सोडला. आत एक तपकिरी मांजरी होती. डोळे अर्धे मिटलेले, गळ्यात खरंच वाळक्या काटक्यांची माळ. कान उलटून पाहिला तर आतली कातडी लिंबासारखी. हिरड्या तशाच. अंगावरची कातडी सैल पडलेली, पाठीचा कणा हाताला लागत होता, पण पोटाखाली चरबीची पिशवी अजून लोंबत होती. म्हणजे हे मांजर काही दिवसांपूर्वीपर्यंत चांगलं लठ्ठ होतं.

"किती दिवस झाले खाल्लं नाही?"

"काय माहीत? आम्ही नागपूरला होतो पोराकडे. तिथं हे बाथरूममधे पडले, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. मी दोन-चार दिवसांसाठी कागदपत्रं न्यायला आली, तर ही अशी. कामवाली म्हणते, रोज दूध-पोळी ठेवत होती."

"आणि एरवी काय खाते?"

"दूध-पोळी. आमच्याकडे दुसरं काही येतच नाही."

मी पुन्हा त्या पोटावर हात फिरवला. "काकू, नुसत्या दूध-पोळीवर मांजराला असं अंग येत नाही."

"खात्यापित्या घरची आहे ती," काकू जरा दुखावल्या.

इथे थोडं सांगायला हवं. मांजर जन्माने मांसाहारी. तिचं शरीर त्याच्यावरच चालतं. लठ्ठ मांजर काही कारणाने चार दिवस जरी उपाशी राहिलं तरी ते स्वतःची चरबी काढायला लागतं. ही चरबी जाते लिव्हरमध्ये, आणि लिव्हरला ती पेलत नाही. पेशी तुपात भिजल्यासारख्या होतात, काम थांबतं, अंग पिवळं पडतं. मग मळमळ सुरू होते, म्हणून मांजर आणखी खात नाही, म्हणून आणखी चरबी लिव्हरमध्ये जाते. हे चक्र तोडायला एकच गोष्ट लागते, ती म्हणजे अन्न. आणि नेमकं तेच तिला नको असतं.

म्हणून मूळ आहार काय होता हे मला कळायला हवं होतं. मी म्हटलं, काकांना फोन लावा. काकूंनी लावला आणि स्पीकरवर ठेवला.

काका पलीकडे बराच वेळ खोकले. मग म्हणाले, "अगं, ते... शेजारी मेश्रामांकडे जात होती ती कधीकधी."

"कधीकधी म्हणजे?"

"रोज." पुन्हा खोकला. "म्हणजे मीच आणत होतो. सुजाता उकडून ठेवत होती. कधी मासळी, कधी कोंबडीचे तुकडे. गच्चीच्या पायरीवर देत होतो. तू पूजेला बसली की."

काकूंच्या चेहऱ्यावरून मला काहीच कळेना. त्यांनी फोन बंद केला, पदर खांद्यावर नीट घेतला आणि म्हणाल्या, "म्हणजे वर्षानुवर्षं माझ्या घरात..." टोपलीतल्या मांजरीने तेवढ्यात ओठ चाटले आणि मान खाली टाकली. काकूंनी तिच्याकडे पाहिलं. "तिच्या अंगात जीव आहे का नाही, ते सांगा पहिले."

जीव होता. रक्त तपासलं, पोटाची सोनोग्राफी करून घेतली. लिव्हर सुजलेलं, चरबीने भरलेलं. सलाईन, पोटॅशियम, व्हिटॅमिन सुरू केलं. दोन दिवसांनी ती थोडी सावरली, तेव्हा मी काकूंना खुर्चीत बसवून सगळं सांगितलं.

"मानेच्या बाजूने एक मऊ नळी अन्ननलिकेत घालायची. तिचं दुसरं टोक बाहेर राहील, मानेला पट्टी बांधलेली. त्या नळीतून दिवसातून पाच-सहा वेळा पातळ अन्न द्यायचं. तोंडात जबरदस्तीने कोंबायचं नाही, त्याने ती खाण्याला आणखी घाबरते. आठवडेच्या आठवडे लागतील. हे दवाखान्यात होत नाही काकू, घरीच करावं लागतं."

"आणि नाही केलं तर?"

"मग तिला त्रास न होता कायमचं झोपवणं बरं."

काकू उठून दारापर्यंत गेल्या आणि नितीनला, म्हणजे नागपूरच्या मुलाला, फोन केला. नितीन रायपुरातच वाढलेला, मराठी सगळी समजते पण उत्तर हिंदीत. त्याचा आवाज मला खुर्चीपर्यंत ऐकू येत होता. "आई, पापा यहाँ बिस्तर पर हैं और तू वहाँ बिल्ली के लिए रुकेगी? लोग क्या बोलेंगे?"

"तुझ्या बाबांजवळ तू आहे, सून आहे, नर्स येते," काकू म्हणाल्या. "हिच्याजवळ कोण आहे?"

मग काका फोनवर आले असावेत, कारण काकूंचा आवाज खाली आला. "हो. हो. पाहते न मी. तुम्ही खाऊन राहिले न नीट?" थोडं थांबून, "काहून नाही? मग मी हिले काय सांगू?"

परत येऊन त्या म्हणाल्या, "टाका नळी."

मी म्हटलं, "अन्न मांसाचंच लागेल काकू. दूध-पोळी नळीतून दिली तर काही उपयोग नाही."

"ऐकलं मी," त्या म्हणाल्या. "टाका म्हटलं न."

थोडी भूल देऊन नळी घातली, एक्स-रे काढून ती बरोबर जागी आहे का पाहिलं. अशा मांजरांसाठी डब्यात तयार अन्न मिळतं, पण ते रायपुरात तेव्हा कुठेच शिल्लक नव्हतं. बाहेरून मागवलं. तोवर कोंबडी उकडून, वाटून, गाळून, मी दिलेली पावडर घालून चालवायची असं ठरलं.

पहिल्यांदा शिकवायला मी काकूंच्या घरी गेले. जाळीचा व्हरांडा धुऊन पुसून ठेवला होता. एका कोपऱ्यात जुनी सतरंजी, तिच्यावर चिरोंजी. स्वयंपाकघराचं दार लावून घेतलेलं. काकू दोन्ही हात कोपरापर्यंत धुऊन, एखाद्या मोठ्या कार्याला बसावं तशा पाटावर बसल्या होत्या. फाटक वाजलं आणि शेजारच्या मेश्रामबाई, म्हणजे काकांनी सांगितलेली सुजाता, स्टीलचा डबा घेऊन आल्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, बोलक्या. नवरा सिलतऱ्याच्या कारखान्यात. लेकीच्या बाळंतपणासाठी त्या भिलाईला गेल्या होत्या, म्हणूनच मधल्या काळात चिरोंजीला कुणी काही दिलं नव्हतं. आदल्या दिवशीच परतल्या होत्या आणि काकांचा त्यांना फोन गेला होता.

दोघी भिंतीला भिंत लावून कित्येक वर्षं राहत होत्या. मिरच्या वाळत घालताना बोलत होत्या, दुखण्याखुपण्याची चौकशी करत होत्या. उंबरठा मात्र दोघींनी सांभाळला होता. तो का, हे दोघींची आडनावं ऐकल्यावर विदर्भातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

मेश्रामबाई व्हरांड्याच्या बाहेरच थांबल्या. "काकू, आणलं हो. मिक्सरमधून दोनदा काढलं."

काकू वर न पाहता म्हणाल्या, "इतकी वर्षं तू मला सांगितलं नाही."

"सांगितलं असतं तर तुम्ही काकाले घरात घेतलं असतं का?"

मी मध्ये पडले. "दोन माणसं लागतील. एकीने धरायचं, एकीने द्यायचं."

मेश्रामबाईंनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी सतरंजी जरा ओढून जागा केली. मेश्रामबाई चपला काढून आत आल्या आणि मांजरीला टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेऊन बसल्या.

मी करून दाखवलं. आधी नळीतून थोडं कोमट पाणी. मग सिरिंजमध्ये अन्न, हाताच्या पाठीवर थेंब टाकून बघायचा, लहान मुलाचं दूध बघतो तसा. मग अगदी सावकाश ढकलायचं. मांजर ओठ चाटायला लागली, सारखी गिळायला लागली तर मळमळ होतेय असं समजून थांबायचं. शेवटी परत पाणी, म्हणजे नळी स्वच्छ राहते. आणि दर वेळी, नळीतून देण्याआधी, थोडंसं अन्न वाटीत घालून तिच्यापुढे ठेवायचं. खाल्लं तर सोनं, नाही खाल्लं तर वाटी उचलून घ्यायची, आग्रह करायचा नाही.

डब्याचं झाकण उघडलं तसा उकडलेल्या कोंबडीचा वास व्हरांडाभर पसरला. काकूंनी पदराच्या टोकाला कापूर बांधून ठेवला होता, तो नाकाशी धरला. मग एका हाताने सिरिंज धरता येईना म्हणून पदर सोडला. डोळ्यांतून पाणी आलं. कोंबडीच्या वासाने की कापराच्या, कोण जाणे. पण दट्ट्यावरचा अंगठा जराही घाईत सरकला नाही.

"बोंडल्यानं पाजतो तसंच आहे," सगळं झाल्यावर त्या म्हणाल्या आणि थेट नळाखाली आंघोळीला गेल्या.

पहिला आठवडा वाईट गेला. चिरोंजी उलट्या करायची. मी अन्नाचं प्रमाण कमी करून पुन्हा हळूहळू वाढवलं, मळमळीचं इंजेक्शन दिलं. मेश्रामबाई पट्टी बदलायला शिकल्या, काकू नळीच्या तोंडाशी त्वचा लाल होते का ते बघायला शिकल्या. मग डबे आले. काकूंनी डबा हातात फिरवून पाहिला. वर मांजरीचं चित्र होतं.

"यातही तेच आहे न?"

"तेच आहे काकू. फक्त डब्यात."

"डब्यात बंद आहे म्हणून काही भोपळा होत नाही त्याचा," त्या म्हणाल्या. पण ते डबे मेश्रामबाईंकडे ठेवायचे, की व्हरांड्यातल्या कपाटात, यावर दोघींचं बरंच बोलणं झालं आणि शेवटी कपाट जिंकलं.

रोज सकाळचं देऊन झालं की काकू नागपूरला व्हिडिओ कॉल लावायच्या. एकदा मी तिथे होते म्हणून ऐकलं. काका उशीला टेकून बसलेले, दाढी वाढलेली. ऑपरेशन चांगलं झालं होतं, पण उठायचं नाव घेत नव्हते. व्यायाम शिकवणारा मुलगा यायचा आणि हात हलवत परत जायचा. जेवणही अर्धं टाकत होते.

काकूंनी फोन चिरोंजीकडे फिरवला. "पाहा. आज सतरंजीवरून उठून फाटकापर्यंत गेली. मानेत नळी घेऊन. तुम्ही किती चालले?"

"अगं, दुखतं गं."

"तिलेही दुखते. विचारून सांगू का?"

काका हसले की काय ते स्क्रीनवर नीट कळलं नाही. दुसऱ्या दिवशी काकूंनी तेच विचारलं. तिसऱ्या दिवशीही. नंतर नितीनने मला सांगितलं, की सकाळी फोनची वेळ होण्याआधी काका वॉकर मागायला लागले होते. "आई को जवाब देना पड़ता है, आंटी," तो म्हणाला होता.

या आजारात मांजर मधूनच बरी दिसायला लागते, आणि तोच धोक्याचा काळ. कानांचा पिवळेपणा जातो, मांजर खिडकीत जाऊन बसते, आणि घरच्यांना नळीचा कंटाळा आलेला असतो. असंच एक घर होतं. नवरा-बायको दोघं शिकलेले, मांजरीवर जीव टाकणारे. थोडं बरं वाटताच त्यांना नळी काढून हवी होती. मी नको म्हटलं, तर त्यांनी दुसरीकडे जाऊन काढून घेतली. मांजरीने चार घास खाल्ले आणि पुन्हा बंद केलं. परत आणली तेव्हा माझ्या हातात काही राहिलं नव्हतं. मी त्यांच्यावर रागावले नाही, रागावून होणार काय होतं? पण ती पांढरी मांजरी आणि तिच्या मानेवरची भरत आलेली खूण अजून डोळ्यांपुढे येते. त्या घरात अजून थोडा धीर मला ओतता आला असता तर, असं राहून राहून वाटतं.

काकूंना हे मी सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "मी कुठं घाई करून राहिली? महालक्ष्म्या तोंडावर आल्या, तेवढं कसं निभवायचं ते सांगा."

महालक्ष्म्या म्हणजे वऱ्हाडातल्या घराचा वर्षातला मोठा कारभार. उभ्या देवी बसवायच्या, सोवळ्यात स्वयंपाक, सोळा भाज्या, पुरण, आंबील. देशकरांकडे त्या पिढ्यान्‌पिढ्या बसतात, आणि रायपूरला आल्यापासून याच घरात. त्या वर्षी काकूंनी सगळं साधेपणाने करायचं ठरवलं होतं, पण बंद करायचं नव्हतं. आणि महालक्ष्मीसमोरच्या व्हरांड्यात कोंबडीचे डबे उघडायचे, हे काही त्यांच्याच्याने होणार नव्हतं.

"ते दोन दिवस नुसतं दूध दिलं तर?" त्यांनी विचारलं.

"नाही चालणार."

तेवढ्यात मेश्रामबाई म्हणाल्या, "माझ्या घरी ठेवू न. तुमी मधीमधी येऊन देऊन जा. मी धरतो."

काकूंनी थोडा विचार केला. "मला प्रत्येक वेळी आंघोळ करून स्वयंपाकाला लागावं लागेल."

"मंग करा. नळाले पाणी आहे."

आणि त्यांनी केलं. त्या दिवशी काकूंनी किती वेळा डोक्यावरून पाणी घेतलं ते महालक्ष्मीलाच माहीत. ओल्या केसांनी मेश्रामांच्या घरात जायच्या, मांजरीला द्यायच्या, परत येऊन अंगावर पाणी घेऊन पुरण वाटायला बसायच्या. एवढ्या वर्षांत त्या घरात त्या पहिल्यांदा गेल्या असाव्यात, आणि एकाच दिवसात पुन्हा पुन्हा गेल्या.

दुपारी नैवेद्याची वेळ झाली असताना माझ्या दारात ऑटो थांबला. काकू उतरल्या त्या रेशमी सोवळ्यात, केस पाठीवर मोकळे, हातात टोपली. मागोमाग मेश्रामबाई, हाताला अजून पिठाचे डाग.

"नळी बंद पडली," काकू म्हणाल्या. "सिरिंज पुढंच जाईना. जोर लावला नाही मी, तुम्ही सांगितलं होतं."

"नैवेद्य?"

"राहिला आहे. देवीला म्हटलं, बाई, थांब थोडी. घरात एक पोट्टी उपाशी आहे."

मी कोमट पाणी घेतलं आणि नळीत थोडं ढकलायचं, थोडं मागे ओढायचं असं करत बसले. मेश्रामबाईंनी मांजर धरली होती. काकू टेबलापासून हातभर लांब उभ्या होत्या, सोवळं सांभाळत. अडकलेला गोळा सुटेना. नळी बदलायची तर पुन्हा भूल द्यावी लागली असती, आणि तिचं लिव्हर अजून त्या लायक नव्हतं. मी पुन्हा पाणी घेतलं. मांजर अस्वस्थ झाली, मान वळवायला लागली, मेश्रामबाईंच्या हातातून निसटायला लागली. तेव्हा काकू पुढे आल्या आणि त्यांनी सोवळ्यातल्या दोन्ही हातांनी चिरोंजीचं डोकं धरलं. अंगठ्याने तिच्या कपाळावर वरून खाली, वरून खाली फिरवत राहिल्या. एकदम दट्ट्या सरकला आणि पाणी आत गेलं.

"गेलं?" काकूंनी विचारलं.

"गेलं."

मेश्रामबाई म्हणाल्या, "काकू, आता सोवळं?"

"घरी गेल्यावर पाहू," काकू म्हणाल्या आणि टोपली उचलून ऑटोत बसल्या. संध्याकाळी माझ्याकडे डब्यातून पुरणपोळ्या आल्या. मेश्रामांकडेही गेल्याच असणार. आणि मेश्रामबाईंनी पाठवलेल्या करंज्या काकूंच्या ताटात पडल्या की नाही, हे मी विचारलं नाही. दोघींचा तो आपसातला विषय.

काका पुढे ट्रेनने आले. नितीन सोबत होता, वॉकर होता. मी मांजरीचं रक्त घ्यायला गेले होते, तेव्हा ते नुकतेच पोचले होते. व्हरांड्यात खुर्चीवर बसून काका चिरोंजीला हाक मारत होते. ती आली. वजन अजून कमीच होतं, मानेला पट्टी, बाजूने नळी बाहेर आलेली. काकांनी ती नळी पाहिली आणि चेहरा एकदम उतरला. फोनवर रोज पाहिलेलं असलं, तरी हाताशी पाहणं वेगळं असतं.

"द्यायची वेळ झाली," काकू म्हणाल्या. "तुम्ही देता का? तुमचीच लाडकी आहे."

काकांनी सिरिंज हातात घेतली, डब्यातलं ते पातळ अन्न पाहिलं, नळीचं टोपण उघडलेलं पाहिलं आणि म्हणाले, "मला गरगरून राहिलं."

"सरका मग," काकू म्हणाल्या.

नितीन भिंतीला टेकून उभा होता. आईला पाटावर बसून हे सगळं करताना त्याने पहिल्यांदाच पाहिलं. फोनवर त्याने जे काही म्हटलं होतं ते त्याला आठवलं असेल. त्याने बूट काढले, पँट दुमडली, खाली बसला आणि टॉवेल हातात घेतला. "कैसे पकड़ना है?" त्याने विचारलं.

मेश्रामबाईंनी त्याला शिकवलं.

रक्ताचे आकडे सुधारत होते. कान पुन्हा गुलाबी झाले. वजन थोडं चढलं. पण खाणं अजून सगळं नळीतूनच. दर वेळी काकू आधी वाटीत थोडं अन्न ठेवायच्या, चिरोंजी हुंगायची आणि मान फिरवायची. काकू वाटी उचलायच्या, सिरिंज भरायच्या. मी म्हणायचे, होईल काकू, वेळ लागतो. हे मी प्रत्येकाला म्हणते, आणि म्हणताना माझाही विश्वास दर वेळी सारखा नसतो. काकूंनी मात्र एकदाही विचारलं नाही, की होईल ना. त्या फक्त पुढच्या वेळी वाटी ठेवायच्या.

एका दुपारी मी जेवून बसले होते, तेव्हा काकूंचा फोन आला. मी "हॅलो" म्हटलं तर पलीकडून उत्तर नाही. मला वाटलं, चुकून लागला. पुन्हा म्हटलं. तरी काही नाही. मग काहीतरी आवाज आला. आधी कळेना. बारीक, एकसारखा, ओला आवाज. मध्येच स्टीलची वाटी फरशीवर सरकल्याचा आणि भिंतीला लागल्याचा. पुन्हा तो ओला आवाज.

मी श्वास धरून ऐकत राहिले.

बऱ्याच वेळाने काकूंचा आवाज आला, अगदी कुजबुजता. "ऐकू आलं?"

"आलं काकू."

"हिनं वाटी स्वतःच ओढून घेतली. मी सिरिंज भरूनच बसली होती." मग थोडं थांबून, जणू एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांना काही सुचेनासं झालं होतं, "आता मी काय करू?"

"काही करू नका," मी म्हटलं. "नुसत्या बसा. हलू नका."

त्यांनी फोन ठेवला नाही, मीही ठेवला नाही. वाटी रिकामी होईपर्यंत आम्ही दोघी ऐकत राहिलो.